पाच खोल्या, दहा स्पीकर

जमीनमोजणीच्या खात्यात मी एकतीस वर्षं काढली. त्यामुळे हातात फीत आणि पेन्सिल असली की जगातलं कुठलंही काम जमतं, असा माझा समज झाला होता. निवृत्तीनंतर घरातल्या पाचही खोल्यांत गाणी वाजावीत असं मनात आलं, तेव्हा मी रीतसर नकाशाच काढला.

मेहुणा इलेक्ट्रिशियन. तो म्हणाला, "भाऊजी, मी येतो की. एका दिवसाचं काम आहे."

"तू कशाला त्रास घेतोस?" मी म्हणालो. म्हणजे, माझ्या नकाशाला हात लावू नकोस.

मला नऊ दिवस लागले. प्रत्येक खोलीत दोन स्पीकर, आणि वायरी अशा सरळ ठोकलेल्या की कुणीही पट्टी लावून बघावं. मग बायकोला सोफ्यावर बसवलं आणि बटण दाबलं. गाणं लागलं, पण गायक जणू शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीत बसून गात होता. ठेक्याचा तर पत्ताच नाही.

"असंच असतं का हे?" बायकोने विचारलं.

"नव्या स्पीकरना रुळायला वेळ लागतो," मी ठोकून दिलं.

आठवडा झाला तरी ते रुळेनात. आधी मी स्पीकरना दोष दिला, मग भिंतींना, मग पडद्यांना. पडदे काढले, परत लावले. शेवटी स्वतःच्या वयाची शंका आली आणि गुपचूप कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अर्धा तास तपासलं.

"कान ठणठणीत आहेत," ते म्हणाले. चांगला रिपोर्ट ऐकून खट्टू झालेला मी त्यांचा पहिलाच पेशंट असेन.

त्या रविवारी सासूबाई आल्या. शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांचा जन्म गेलेला. चहा पिता पिता त्या उठल्या आणि स्पीकरच्या मागे वाकून बघू लागल्या.

"जावईबापू, या वायरीला एका कडेने लाल रेघ आहे ना? या स्पीकरला ती लाल खाचेत गेलीये, त्या स्पीकरला काळ्या. मुद्दाम केलंय का?"

मी वाकून पाहिलं. दुसऱ्या खोलीत गेलो. तिसऱ्या. पाचही खोल्यांत तीच उलटापालट. चुकीतही माझा नेमकेपणा ढळला नव्हता. 'मुद्दामच' म्हणायला तोंड उघडलं होतं, पण बायको दारात उभी होती.

पाच वायरी फिरवल्या. गाणं लागलं आणि गायक टाकीतून उठून थेट आमच्या बैठकीत आला, ठेक्यासकट.

"हां, आता बसलं अंगात," सासूबाई म्हणाल्या.

मेहुण्याला मी फोनवर सांगितलं, की एखादा किरकोळ फेरफार करावा लागला.

"आईने सांगितलंय मला," तो म्हणाला, आणि बराच वेळ नुसता हसत राहिला.

आता चार खोल्यांतला आवाज बंदच असतो. आम्ही दोघंच, आणि बसतो ते स्वयंपाकघरात. तिथे गाणं लावून मी मटार सोलतो. बायको म्हणते, भांड्यात पडतात त्याहून तोंडातच जास्त जातात.