मी सिंधूबाईचं नाव घेतलं नव्हतं

आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव बाहेर काढले, आणि देवांसोबत भुतंही काढली. त्यामुळे लहानपणी शेजारच्या पोरी ज्या चिंचेखालून जायला घाबरायच्या, तिथेच उभी राहून मी चिंचा खायचे. या सदरातले अनुभव मी वर्षभर वाचते आहे आणि निम्म्या लेखांना मनातल्या मनात हसले आहे, हे आधीच कबूल करते. आता माझ्यावर कोणी हसलं तर तक्रार नाही. खरं सांगू... वाद घालायचं त्राणही उरलेलं नाही. जे झालं ते लिहिते. नावं बदलली आहेत, नेमकं गाव सांगत नाही.

यवतमाळहून आर्णीला येताना, आर्णीच्या थोडं अलीकडे, एका शेतकी संस्थेचं जुनं बियाण्याचं गोदाम होतं. त्यातल्या एका खोलीच्या भिंतींना गोधड्या आणि अंड्यांचे ट्रे ठोकून आमचा सामुदायिक रेडिओ चालायचा. आवाज दहा-बारा किलोमीटर पोचायचा, त्यापुढे नुसती खरखर. निवेदक, लेखक, झाडूवाली – सगळं मीच.

कापसाची ती फार वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि चांगल्या कारणासाठी कधीच यायचं नाही. सकाळी मी हवामान वाचायचे, मग बाजारभाव, मग हेल्पलाइनचा नंबर, मग कुठल्या तरी गावचा दुखवटा. परत हेल्पलाइनचा नंबर. दुपारपर्यंत माझा आवाज माझा मलाच नकोसा व्हायचा.

अशात दिगंबरकाका आले. मूळचे वणीचे. सगळं आयुष्य मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑपरेटर म्हणून गेलं, म्हातारपणी बहिणीकडे आर्णीला येऊन राहिलेले. आमचं मशीन बिघडलं की तेच दुरुस्त करून द्यायचे, फुकट. एक दिवस त्यांनी ऑटोतून एक पत्र्याची पेटी उतरवली. आत गाण्यांच्या साठ-सत्तर तबकड्या. तरुणपणी त्यांचं जहाज जमैकाच्या बंदरात महिना-महिना थांबायचं, तेव्हा जमवलेल्या. स्का, रॉकस्टेडी, सुरुवातीचं रेगे... तिकडच्या गाण्यांची ही नावं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"आपला तबलेवाला समेवर मारते," काका समजावत होते. "हे लोकं दोन ठोक्यांच्या मधात मारतेत. पाय टाकला तवा नाई, पाय उचलला तवा. उसाच्या मळ्यात राबलेले लोकं हायेत वं हे. आपल्यासारखेच."

रेडिओचं काम बघणाऱ्या आमच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, दोन वाजता कोण ऐकतंय, लावा काय लावायचं ते. झालं. दर गुरुवारी दुपारी दोन ते तीन, 'जमैकाची दुपार'. काका गाण्याचा अर्थ वहीत लिहून द्यायचे, मी तो सांगायचे आणि तबकडी लावायचे. तो एकच तास असा होता की ज्यात मी हेल्पलाइनचा नंबर वाचत नसे.

ऐकणारं कोणी नसेल असं आम्हाला वाटलं होतं. पण कापूस वेचणाऱ्या बाया ऐकायला लागल्या. वावरात बाभळीला रेडिओ टांगायचा आणि कमरेला ओटी बांधून ओळीनं वेचत जायचं. शब्द एकीलाही कळत नव्हता. "त्या गाण्यात हात चालते," एवढंच त्या सांगायच्या. एक हात बोंडावर, एक ओटीत, आणि ठोका बरोबर मधे. मग दूधवाल्याच्या हाती चिठ्ठ्या यायला लागल्या, की आमच्या टोळीचं नाव घ्या, माझ्या नणंदेचं घ्या. मी दोन गाण्यांच्या मधे नावं वाचायचे. नाव ऐकू आलं की वावरात हसाहशी व्हायची म्हणे. त्या वर्षांत हसायला एवढं पुरत होतं.

तो गुरुवार डिसेंबरातला. माईक दोन दिवसांपासून मेला होता. काका सकाळच्या एसटीनं तो दुरुस्तीला यवतमाळला घेऊन गेले. त्या आठवड्यात मी तीन घरी दुखवट्याचं रेकॉर्डिंग करून आले होते आणि अंगात ताप असल्यासारखं वाटत होतं. मग मी जे करायला नको ते केलं. महिनाभरापूर्वीच्या कार्यक्रमाची सीडी लावून दिली, 'आज जुना भाग' असं नोंदवहीत लिहिलंही नाही, आणि बाहेर बियाण्याच्या पोत्यांवर आडवी झाले. अगदी मेल्यासारखी झोपले. तीन वाजता सीडी संपली आणि त्या शांततेनं जाग आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक बाई उभी. तिशीची असेल. पदरात तुरीच्या शेंगा, कडेवर चारेक वर्षांची मुलगी. मुलगी दोन्ही हात कराकरा खाजवत होती.

"रेडिओवाल्या ताई तुमीच नं? मी सिंधू. तुमी सांगतलं नसतं तं माही पोरगी गेली असती, बाप्पा."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. काय सांगितलं मी?

"काल नाई का, गाणं चालू असताना! गाणं मधातच थांबलं आन तुमी म्हनल्या – सिंधूबाई, घरी जाय. आत्ताच्या आत्ता जाय. कापसात शोध पोरीले. मी तं पयले हासली. म्हनलं, ताई मजाक करून राह्यल्या. पण बाकीच्या बाया म्हने, जाय वं, कायले थांबतं... मंग पळत सुटली."

त्या साली भाव येईल या आशेवर सगळ्यांनीच कापूस घरात भरून ठेवला होता. सिंधूबाईच्या घरात एक खोली माळ्याच्या थोडं खालपर्यंत भरलेली. माणसं ओसरीवर झोपत होती आणि अंगाला खाज सुटली होती. सासू अंगणात डोळा लागून पडलेली. मुलगी माळ्यावर चढली, तिथून कापसाच्या गंजीवर उडी मारली, आणि गंजी वरून तिच्या अंगावर घसरली. सिंधूबाई पोचली तेव्हा फ्रॉकची फक्त कड दिसत होती. ओढून काढलं तर तोंडात, नाकात कापूस आणि ओठ काळेनिळे. पाठीत धपाटे घातल्यावर पोरगी रडली.

"अजून थोडा वेळ गेला असता तं..." सिंधूबाईनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी नव्हते हो, मी झोपले होते... हे अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या बाईच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या वर्षांत कोणाच्याच चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. मी शेंगा ठेवून घेतल्या. तिनं मला नमस्कार केला तोही घेतला. ही माझी चूक, आणि ती झोपण्यापेक्षा मोठी.

काका माईक घेऊन परत आल्यावर त्यांना सगळं सांगितलं, झोपेसकट. ते रागावले नाहीत. जे काही प्रक्षेपित होतं त्याचं रेकॉर्डिंग आम्हाला जपून ठेवावं लागायचं, तेवढं त्यांनी काढलं. आम्ही दोघांनी तो पूर्ण तास ऐकला. एकदा नाही, तीनदा. माझी महिन्यापूर्वीची बडबड, गाणी, जुन्या चिठ्ठ्यांमधली नावं. त्यात सिंधू नाव कुठेही नाही. आणि एकही गाणं मधे थांबलेलं नाही.

मी सहजासहजी सोडणारी नाही. त्या वावरात गेले आणि त्या दिवशी तिच्यासोबत असलेल्या चार बायांना एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. चौघींनी तेच सांगितलं. शब्दही तेच. एक म्हातारी वर म्हणाली, "तुमचा आवाज थकल्यावानी येत होता, ताई. आन रोज तुमी पुस्तकातलं बोलता, त्या दिवशी घरच्यावानी बोलल्या."

रेडिओवर मी कधीच वऱ्हाडी बोलत नव्हते. सरांना चालायचं नाही.

तोच कार्यक्रम आर्णीच्या एका चहावाल्यानं पूर्ण ऐकला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, काही नाही, जुनाच भाग होता ना? त्याच्या एकट्याच्याच ते लक्षात आलं होतं.

कोणी खोडी केली असेल का, दुसरीकडून कोणी आमच्या फ्रिक्वेन्सीवर बोललं असेल का – काकांनी सगळ्या शक्यता मांडल्या आणि त्यांनीच एकेक खोडून काढली. आणि खोडी करणाऱ्याला तरी सिंधूबाईच्या घरात काय चाललंय ते कसं कळणार? शेवटी तबकडी पुसत म्हणाले, "जहाजावर असे निरोप मलेही एक-दोनदा आलते. कोनं धाडले, ठाऊक नाई. आमी वहीत लिहत असू, निरोप मिळाला. बस."

माझं तेवढ्यावर भागत नव्हतं. पण दुसरं काही हातातही नव्हतं.

गोष्ट पसरली. मी पसरवली नाही, पण थांबवलीही नाही. 'जमैकाची दुपार' आसपासच्या प्रत्येक वावरात लागायला लागली. चिठ्ठ्या दुप्पट झाल्या आणि त्यांची भाषा बदलली. एकीनं लिहिलं होतं, "घरी सगळं ठीक असलं तं नाव घेऊ नका." मी ती वाचून हसले होते. काकांना दाखवली, तेही हसले. त्या चिठ्ठीचा अर्थ आम्हा दोन शहाण्यांना कळला नाही...

फेब्रुवारीत, कापसाच्या शेवटच्या वेचणीच्या सुमारास, एक बाई आली. तिचं नाव बदलूनसुद्धा लिहायची माझी हिंमत नाही. चप्पल बाहेर काढून आत आली आणि जमिनीवर बसली. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसली नाही. तिचा तीन वर्षांचा मुलगा आदल्या गुरुवारी अंगणातल्या पाण्याच्या टाक्यात पडून गेला होता. अडीचच्या सुमाराला.

"मी रेडिओ चालू ठेवला होता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पोराले रोज संग नेतो मी वावरात. बांधावर झोयीत ठेवतो. गुरुवारी नाई नेत. म्हनलं, गुरुवारी ताई पाहातेत. ताई सांगतीन."

मीही तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"माह्यं नाव काहून नाई घेतलं?"

त्या गुरुवारी मी जागी होते. माईक चांगला होता. पूर्ण तास मी स्वतः बोलत होते, अठरा-वीस नावं वाचली होती. एका गाण्याचा अर्थ सांगताना माझा मलाच विनोद सुचला होता आणि मी मोठ्यानं हसलेही होते. अडीच वाजताच असेल ते कदाचित. मी तपासलं नाही. आजपर्यंत ते रेकॉर्डिंग ऐकलेलं नाही.

मग मी तिला सगळं खरं सांगितलं. सिंधूबाईचं नाव मी घेतलं नव्हतं. मला काही दिसत नाही, काही कळत नाही. त्या दिवशी जुनी सीडी चालू होती आणि मी बाहेर पोत्यांवर झोपले होते. हे दोन महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. माफ करा असंही म्हणाले. किती वेळा म्हणाले ते आठवत नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तं मंग तसंच झोपत जा नं, ताई," ती म्हणाली. "मले अजून एक पोरगी हाय."

आणि उठून चप्पल घालून गेली.

पुढच्या गुरुवारी मी कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं की रेडिओला कोणाच्या घरातलं काही कळत नाही, कळलेलं नाही, लेकरं एकटी सोडू नका. तीनदा सांगितलं. चिठ्ठ्या येणं हळूहळू थांबलं. सिंधूबाई तेवढी भेटली की म्हणायची, तुमी काहीही म्हना. तिची मुलगी आता कॉलेजात जाते.

नंतर काका गेले. वर्ष-दीड वर्षात आमचा रेडिओही बंद पडला. या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. शोधलं, सापडलं नाही, आणि आता शोधायचं सोडलंय. विज्ञान शिकवणाऱ्या मित्रांना सांगितलं की ते सामूहिक भास वगैरे म्हणतात. असेलही. भासाला कापसातली पोरगी कशी सापडली, हे मात्र त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

एक गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती, ती इथे लिहिते आणि थांबते. रेडिओ बंद पडेपर्यंत, काका होते तोवर त्यांनाही कळू न देता, मी कितीतरी गुरुवारी दोन वाजता जुनी सीडी लावून दिली आणि त्याच पोत्यांवर जाऊन आडवी झाले. त्या बाईच्या उरलेल्या मुलीचं नाव मनात घेऊन डोळे घट्ट मिटून पडायचे. एकदाही झोप लागली नाही.