चौदा क्विंटल कापूस आणि कंपनीचा लॅपटॉप

आमची बैठकीची खोली दहा बाय बाराची आहे. दिवाळीनंतर तिच्यात कापूस असतो. यात विशेष काही नाही, घाटंजीकडच्या आमच्या गावात ज्याच्या घरी कापूस नाही त्याच्याकडे लोक जरा काळजीने पाहतात. त्या वर्षी पहिल्या दोन वेच्यांचा मिळून चौदा क्विंटल होता आणि ढिगाची उंची भिंतीजवळ चार फूट भरली होती. मी टेपने मोजली होती. का मोजली, हे बायकोने तेव्हाच विचारलं होतं.

त्याच खोलीत माझं ऑफिस होतं.

मी नागपुरातल्या एका माल वाहतूक कंपनीत आहे. अकरा वर्षं तिथे खोली करून राहिलो आणि शनिवारी घरी येणारा पाहुणा झालो. मग घरून काम करायची परवानगी मिळाली. त्यासाठी एक अर्ज भरायचा होता. स्वतंत्र टेबल आहे का, खुर्ची आहे का, जागा कोरडी आणि धूळ नसलेली आहे का. मी सगळीकडे ‘होय’ लिहून सही केली. तो जून महिना होता आणि लिहिलेलं शब्दशः खरं होतं. नोव्हेंबरात टेबल कापसाखाली गेलं, पण अर्ज पुन्हा भरायला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

घरात मोबाईलची रेंज फक्त त्या खोलीच्या खिडकीत येते. म्हणून मी ढिगावर चढून खिडकीशी खांदा टेकून बसू लागलो. खाली चादर, पुढे लॅपटॉप. पहिल्याच दिवशी कळलं की एवढी मऊ खुर्ची मला आयुष्यात मिळाली नव्हती. अंगाला खाज सुटायची, ती संध्याकाळी खोबरेल तेलाने जायची. व्हिडिओवर मीटिंग असली की मागे पांढरंशुभ्र दिसायचं. एकाने विचारलं, ‘सर, हे काश्मीर लावलं का मागे?’ मी म्हटलं, ‘आवाज तुटतोय.’ आवाज तुटत नव्हता.

लॅपटॉप रोज थोडा खाली रुतायचा. त्याचा पंखा दळणाच्या चक्कीसारखा घरघरू लागला, तर मला वाटलं, महिनाअखेरची मोठी फाईल आहे, घरघरणारच. एके दुपारी घरघर थांबली. मी मनात म्हटलं, बरं झालं, सुधारला. दहा मिनिटांनी स्क्रीन काळी झाली आणि जळका वास आला.

बायको मागच्या अंगणात तूर निवडत होती. वास तिच्यापर्यंत माझ्या हाकेच्या आधी पोचला. ती धावत आली, एका हाताने लॅपटॉप उचलला आणि अंगणातल्या सिमेंटवर नेऊन ठेवला. मग ढिगात जिथे तो होता तिथे कोपरापर्यंत हात घालून चाचपून पाहिलं.   कापूस गरम होता, पेटला नव्हता.

मग ती माझ्याकडे वळली.

‘अजी, तुमी हिशेबाचे माणूस ना? चौदा क्विंटल कापसावर शेगडी ठेवून बसले होते!’

‘लॅपटॉप होता.’

‘आता शेगडीच हाय थे. हात लावून पाहा.’

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी पांढरकवड्याला गेलो. तिथे हायवेजवळ एक जुने मेकॅनिक आहेत. मोबाईलपासून ट्रकच्या टेपपर्यंत सगळं दुरुस्त करतात, लोक त्यांना चाचा म्हणतात. मी आधीच सांगितलं की लॅपटॉप कंपनीचा आहे, उघडायचा नाही, फक्त बाहेरून पाहून सांगा. त्यांनी टॉर्च मारली आणि हवेच्या जाळीतून चिमट्याने एक टोक धरून ओढलं. ते येतच राहिलं. वीतभर झालं, मग हातभर.

‘साहेब, इसमें तो सूत निकल रहा है. थोडं अजून ओढलं तं उपरणं होऊन जाईन तुमचं.’

बाकावर बसलेले दोन ट्रकवाले हसले. मीही हसलो. चाचांनी जाळीशी नाक नेऊन जळका वास ओळखला, आतलं कार्ड, म्हणजे मुख्य बोर्ड, गेलं म्हणाले, आणि मग आवाज खाली करून सल्ला दिला, ‘ऑफिसला धूळ लिहा. सब वही लिखते हैं. कोण विचारून राह्यलं?’

वाईट गोष्ट अशी की विचारणारा मीच आहे. कंपनीत माझं कामच ते. वाटेत माल खराब झाला की गोदामातून रिपोर्ट येतो, ‘पावसाने भिजला.’ मी तो परत पाठवतो. किती पेट्या भिजल्या, ताडपत्री होती का, असली तर कुठे होती. अकरा वर्षांत या सवयीने मला फार मित्र मिळाले नाहीत.

एस.टी.त बसून मी हिशेब केला. ‘धूळ’ लिहिलं तर नवा लॅपटॉप येईल आणि प्रकरण मिटेल. खरं लिहिलं तर टेबल, खुर्ची आणि कोरड्या जागेवर मी केलेली सही पुढे येईल, परवानगी जाईल आणि मी पुन्हा शनिवारचा पाहुणा होईन. पहिला कागद चार ओळींत झाला असता. मी घरी आल्यावर दुसरा लिहिला, तो दीड पान झाला. ढिगाची उंची, चादरीची जाडी, जाळीतून निघालेल्या सुताची लांबी, सगळं घातलं. शेवटी लिहिलं की टेबल नोव्हेंबरपासून कापसाखाली आहे आणि ही गोष्ट मी कळवली नव्हती.

बायकोने वाचलं. ‘चाचानं सांगतलं होतं ना धूळ लिहा म्हणून?’

‘सांगितलं होतं.’

‘मग?’

‘धूळ नव्हती. कापूस होता.’

तिने कागद परत दिला. ‘पाठवा. नाही तं आठ दिवस जेवाचे नाही तुमी. अन् मले तुमचं तोंड पाहात बसा लागन.’

तिसऱ्या दिवशी नागपूरच्या ऑफिसातून माझ्या वरिष्ठ मॅडमचा फोन आला. त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि नेमक्या बोलणाऱ्या आहेत. ‘सर, रिपोर्ट वाचला. असा रिपोर्ट आमच्याकडे यापूर्वी आलेला नाही.’ पलीकडे कोणी तरी हसत होतं. ‘लॅपटॉप दुसरा पाठवते. पण त्या खोलीत कापूस चालणार नाही. आठ दिवसांत खोली रिकामी नसेल तर एक तारखेपासून तुम्ही इथे.’

शेत बायकोच्या हाती आहे आणि कापूस कधी विकायचा हे तीच ठरवते. भाव चढेपर्यंत गाडी भरायची नाही, हे तिने दिवाळीतच जाहीर केलं होतं. मी ते बदलायला सांगणार नव्हतो. नुसतं मॅडमचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं.

‘म्हणजे कापूस जाईन, नाही तं तुमी जासान?’

‘हो.’

तिने माझ्याकडे पाहिलं, मग ढिगाकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ ढिगाकडे पाहिलं, असं मी म्हणेन. ती म्हणते, मोजलं असेल तर सेकंद सांगा.

मग तिने पदर खोचला आणि एका जुन्या लुगड्याची झोळी केली. एक टोक मला धरायला लावलं. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ आम्ही झोळीने कापूस आमच्या झोपायच्या खोलीत नेला. तिथे पलंग होता, तो कापसाखाली गेला. आमच्या गाद्या बैठकीत आल्या, टेबलाच्या एका बाजूला तिची, दुसऱ्या बाजूला माझी.

मी मॅडमना लिहिलं, ‘खोली रिकामी आहे. टेबल कोरडं आहे. कापूस शेजारच्या खोलीत आहे, मधलं दार बंद असतं.’

बायको मागून वाचत होती. ‘शेजारची खोली थे कुठं विचारत होती? हे बी कायले लिहिलं?’

‘कारण कापूस तिथे आहे.’

‘अन् पलंग?’

मी पलंगाचीही ओळ घालणार होतो, तिने हात धरला. तेवढी ओळ गेली नाही. उत्तरात मॅडमनी एकच शब्द लिहिला, ‘ठीक.’ एक तारखेला मी घरीच होतो. बायकोने नवा लॅपटॉप टेबलावर ठेवला, त्याच्याखाली बोटं घालून हवा जाते का ते पाहिलं, आणि तूर निवडायला निघून गेली.