परीक्षा संपेपर्यंत सांगू नका

सायली सोमवारी गेली. मला शनिवारी सांगितलं.

कारण माझी परीक्षा होती.

आज त्याला वर्ष झालं आणि माझा राग अजून तसाच आहे. म्हणून लिहितेय.

२००२ मध्ये ही नागपूरची पोरगी न्यू जर्सीत आमच्या युनिव्हर्सिटीत आली. अंडरग्रॅडला, आणि तेही इंटरनॅशनल स्टडीज घेऊन! तेव्हा तिथला जो तो मराठी स्टुडंट म्हणजे मास्टर्स करायला आलेला इंजिनिअर. आम्ही दोघीच अशा. मी तिथल्याच पिस्कॅटवे गावात वाढलेली, घरून कॉलेज करणारी. ती डॉर्ममध्ये.

गणपतीत मंडळातले सगळे काका आम्हाला एकच विचारायचे. हे शिकून पुढे करणार काय?

मी प्रसाद घ्यायला सटकायचे. सायली म्हणायची, "काका, तुमच्या मंडळातली भांडणं सोडवणार."

आम्ही करार शिकायचो. कुठल्या देशानं काय कबूल केलं, काय लपवलं, कधी शब्द फिरवला. मला झोप यायची. तिला त्यात भयंकर इंटरेस्ट. कोपरानं ढोसून जागं करायची मला.

सेकंड इयरची फायनल्स चालू होती. आईनं तिला आडवारीच घरी जेवायला बोलावलं. पाटवडीचा रस्सा केला होता, तिच्या सगळ्यात आवडीचा. आई पक्की पुण्याची, हा प्रकार ती सायलीसाठीच शिकली होती. सायली तुटून पडली. आई सारखी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

काकू, आज काही सण आहे का, असंही सायलीनं विचारलं. आई म्हणाली, अभ्यास करताय ना, खा पोटभर.

शेवटचा पेपर झाला आणि आईनं तिला समोर बसवून सांगितलं. तिचे बाबा गेले होते. हार्ट अटॅक. आम्ही जेवलो त्याच्या आदल्या दिवशीच. तिच्या दादानं नागपूरहून फोन करून आईला बजावलं होतं, परीक्षा संपेपर्यंत सांगू नका.

मलाही माहीत नव्हतं. माझीही परीक्षाच होती ना!

ती कशीबशी तेराव्याला पोचली.

परत आल्यावर आईशी नीट वागली. दादालाही बोल लावला नाही. फक्त माझ्यासमोर एकदाच, लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून म्हणाली, "पेपर काय, पुढच्या सेमिस्टरला दिला असता गं. बाबा तिकडे गेले होते अन् मी इथं रस्सा ओरपून राहिली होती."

मग तिथंच तिनं माझ्याशी करार केला. तोंडी. बातमी कितीही वाईट असो, ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी एकमेकींना सांगायची. परीक्षा असो नाहीतर कुणाचं लग्न असो.

मी विचारलं, मोडला तर?

"मोडायचा नसतो, म्हणून तर करतात."

पाटवडीला तिनं पुन्हा कधी हात लावला नाही. आईनंही पुन्हा केली नाही.

ग्रॅज्युएशन झाल्यावर ती नागपूरला परत गेली. मी मास्टर्सला वॉशिंग्टनला. फोन चालू होते. मागच्या वर्षी तिचा आवाज बसलेला वाटायचा. सर्दी झालीय म्हणायची. नागपूरच्या उन्हाळ्यात कसली डोंबलाची सर्दी! पण मला शंका आली नाही.

शेवटच्या फोनवर तिनं विचारलं, "तुझा शेवटचा पेपर कधी?"

शुक्रवारी, म्हटलं.

"बरं. मन लावून दे."

ब्लड कॅन्सर होता. महिनोन्‌महिने ट्रीटमेंट चालू होती. आणि दादाला तिनं स्वतः बजावून ठेवलं होतं. माझं काही झालं तर तिची परीक्षा होऊ द्या, मग सांगा.

दादानं फोन केला तो आईला. पुन्हा आईलाच.

त्या आठवड्यात बुधवारी आई पिस्कॅटवेहून एकटी ड्राइव्ह करत माझ्याकडे आली. न सांगता. हातात डबा. म्हणाली, परीक्षेत बाहेरचं खाऊ नकोस.

डब्यात पाटवडी होती.

आणि मला तरीही कळलं नाही यार. भूक लागली होती. मी दोनदा वाढून घेतली. आई समोर बसून बघत होती.

शनिवारी सगळं सांगितलं आणि रडत म्हणाली, काय करू, डोक्यात सायलीच होती, हात आपोआप तिकडे गेले.

सायले, तुझ्याशी जे वागले ना सगळे, तेच तू माझ्याशी वागलीस. माझ्या भल्यासाठी, कळतं मला. सगळे भल्यासाठीच करतात.

पेपर छान गेला. देशादेशांतल्या विश्वासावर प्रश्न होता. पानंच्या पानं लिहिली मी. तू जाऊन चार दिवस झाले होते.

करार माझ्याकडून अजून चालू आहे. म्हणून आजची बातमी आजच सांगते. आज मास्टर्सचा रिझल्ट लागला, मी पास झाले. आई बरी आहे. आणि मला अजून घास गिळताना तू आठवतेस.

नीट जा गं. मनापासून श्रद्धांजली वाहते तुला.

माफ मात्र केलेलं नाही.