डाव्या हातावरची पिवळी रेघ

आमच्या शेडच्या दाराला आतल्या बाजूने एक पत्रा ठोकलेला आहे. त्यावर मी ऑइलपेंटने रकाने पाडलेत आणि खडूने खुणा करते. दहा तासांनी काय बघायचं, पन्नास तासांनी काय, अडीचशे तासांनी काय. हे तास घड्याळाचे नव्हेत, ट्रॅक्टरच्या मीटरवरचे. रोज रेडिएटरची जाळी ब्रशने झाडायची, नाहीतर गवताचं कुसळ अडकून इंजिन तापतं. दर शनिवारी सगळ्या निपलांना ग्रीस. माती उकरणारा रोटाव्हेटर सोडला की पात्यांचे नट हाताने नाही, पान्याने तपासायचे. फवारणीचा ब्लोअर धुतल्याशिवाय शेडमध्ये घ्यायचा नाही.

लग्नाआधी दोन वर्षं मी नगरला एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होते. जे लिहिलेलं नाही ते केलेलं नाही असं धरायचं, ही सवय तिथली. पाथर्डीच्या बाजूला या गावात आले तेव्हा घरात वही अशी एकच होती, दुधाची. आता माझ्या सात आहेत.

ट्रॅक्टर छोटा आहे, बागेचा. आमचं तीन एकर डाळिंब. मोठा ट्रॅक्टर ओळीत घातला की दोन्हीकडच्या फांद्या मोडतो, हा मधून निघून जातो. नवरा रोज सकाळी मोटरसायकलवर नगरला कामाला जातो, त्यामुळे दिवसा बागेत दोनच माणसं: मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. मामांनी पन्नास वर्षं बैल हाकले आणि पासष्टीनंतर ट्रॅक्टर शिकले. सरळ ओळीत त्यांच्याइतका चांगला रोटाव्हेटर मला अजून मारता येत नाही. किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात असायची. मला ट्रॅक्टर लागला की मी मागून घ्यायची आणि काम झालं की परत द्यायची. हा नियम कुणी केला नव्हता. बैलांचे कासरे त्यांच्या हातात असायचे, म्हणून किल्लीही.

अडचण झाली ती ट्रॅक्टर मागे घेताना.

जूनमध्ये ते बागेतलं गवत मारत होते. ओळीच्या टोकाला वळायला जागा कमी पडली म्हणून त्यांनी ट्रॅक्टर मागे घेतला. मागे दगडी बांध आहे. मी चार ओळी पलीकडे ठिबकच्या नळ्या बघत होते. मामांनी वळून पाहिलं, बांध जवळ आलेला त्यांना दिसला आणि ते मोठ्यांदा "होऽ होऽ" म्हणाले. पायाने काहीच केलं नाही. बैल थांबले असते. ट्रॅक्टर गेला तो बांधावर रोटाव्हेटर आपटून, इंजिन बंद पडूनच थांबला.

मी पळत गेले. मामा स्टिअरिंगला धरून बसले होते.

"लागलं का कुठं?"

"न्हाई." मग म्हणाले, "आयकलंच न्हाई त्यानं."

मी त्याच दुपारी वहीत यादी केली. पाती, नट, गिअरबॉक्सची गळती, शाफ्ट, मागचा पत्रा. दोन पाती वाकली होती, ती बदलली. बाकी सगळ्यांसमोर बरोबरच्या खुणा केल्या आणि खाली लिहिलं, सर्व ठीक.

त्यानंतर महिनाभराने दुसरा प्रसंग. ट्रॅक्टरला ब्लोअर जोडायचा होता. मी दोघांच्या मधे उभी राहून ब्लोअर फिरवणारा शाफ्ट हातात धरला होता आणि मामा वीतवीतभर मागे येत होते. मी "बास" म्हटलं. ते "होऽ" म्हणाले. ट्रॅक्टर आणखी हातभर आला आणि मग त्यांचा पाय क्लचवर पडला. शाफ्टचं टोक माझ्या पोटाला टेकलेलं होतं. लागलं नाही. साडीवर ग्रीसचा एक गोल डाग पडला, तो अजून गेलेला नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

"अहो, मामांकडून किल्ली घ्यायला लागेल."

"हं."

"तुम्ही सांगा."

"मला जमणार नाही. तू सांग."

"तुमचे वडील आहेत."

"म्हणून तर."

मी वहीत लिहिलं, पोळ्यानंतर किल्ली मागणे. सणाआधी नको म्हणून पोळ्यानंतर. बोलायचं काय तेही ठरवून ठेवलं. दोन वाक्यं होती.

पोळ्याच्या आधी तीन दिवस पाऊस लागून होता. डाळिंबाला अशा हवेत तेल्या येतो. फळावर तेलकट काळे डाग पडतात, मग ते फुटतं, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जायला त्याला वेळ लागत नाही. पाऊस उघडला, पानं वाळली की लगेच औषध गेलं पाहिजे. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी ऊन पडलं. मी उद्या सकाळची फवारणी लिहून टाकली आणि औषधं मोजून ठेवली.

मामा ओट्यावर बसून वाटीत तूप आणि हळद कालवत होते. हे दरवर्षीचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू असतं तो खांदा तुपाने चोळायचा आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आमचे बैल विकले त्या वर्षी मामा संध्याकाळभर गोठ्याकडे पाठ करून बसले होते. पुढच्या वर्षी ते वाटी घेऊन शेडमध्ये गेले. ट्रॅक्टरचा खांदा कोणता, याचा त्यांनी बहुतेक आधीच विचार केला असावा. मागचे दोन लोखंडी हात, ज्यांच्यावर औजार उचललं जातं, ते त्यांनी खांद्यापासून मनगटापर्यंत चोळले. मग बॉनेटवर थाप मारून म्हणाले, उद्या जेवायला यायचं. मी त्याच वर्षी पत्र्यावर एक ओळ वाढवली, पोळ्यानंतर लिफ्टचे हात डिझेलने पुसणे. तुपाला धूळ बसते आणि उंदीर येतात. वायरी कुरतडल्या तर मग कुणाला आवतण देणार?

"मामा, उद्या सकाळी फवारणी घ्यायची. पान वाळलंय," मी ओट्याशी जाऊन म्हटलं.

"उद्या पोळा हाय."

"ट्रॅक्टरला कसला पोळा?"

"मग पुरनाची डाळ कुनासाठी भिजवली?"

"आपल्यासाठी."

"आधी त्याला, मग आपल्याला. वरसभर राबलाय त्यो. एक दिस मान मोकळी नको?"

"तेल्याला पोळा कळत नाही, मामा."

मामांनी बोटाने वाटीचा काठ पुसला. "मास्तरीन, तुमच्या त्या पत्र्यावर सुट्टीचा रकाना हाय का?"

मी कधीच मास्तरीण नव्हते. वही हातात दिसली की ते मला मास्तरीण म्हणतात.

ते शेडमध्ये गेले, चोळून आले आणि मारुतीच्या पारावर निघून गेले. माझा बेत ठरलेला होता. सकाळी ते पारावर असतानाच ब्लोअर जोडायचा आणि आठच्या आत बाग उरकायची. किल्ली आदल्या संध्याकाळी मागायची म्हणजे तेही त्याच वेळी बोलून टाकायचं. पोळ्यानंतर लिहिलेलं होतं, पण एक दिवस अलीकडे आलं तर आलं. आणि तूप सकाळपर्यंत कशाला ठेवायचं, म्हणून मी चिंध्या आणि डिझेलचा डबा घेऊन तेव्हाच बसले.

उजवा हात स्वच्छ निघाला. डावाही निघाला, फक्त मधल्या भोकाखाली, जिथे उचलणारा दांडा जोडलेला असतो तिथे, एक पिवळी रेघ राहिली. मी परत पुसली. राहिली. नवी चिंधी घेतली, डिझेलने ओली केली, घासली. भोवतीचं लोखंड चकचकीत झालं आणि रेघ आणखी स्पष्ट दिसायला लागली. केसाएवढी बारीक, बोटाएवढी लांब. वरची सगळी हळद गेली होती. ही आत शिरलेली होती.

तेल आणि मातीच्या थराखाली ती चीर एरवी मला दिसली नसती. दर शनिवारी मी त्याच हाताच्या टोकाला ग्रीस मारत होते.

मी पारावर जाऊन मामांना बोलावलं. लोकांसमोर काही सांगितलं नाही, शेडमध्ये चला एवढंच म्हणाले. ते उकिडवे बसले, अंगठ्याचं नख रेघेवरून आडवं ओढलं. नख अडकलं.

"चीर हाय," ते म्हणाले. नख परत एकदा तिथंच ओढलं. "जूनमधली हाय ही. बांधाची."

मला माझी वही आठवली. पाती, नट, गिअरबॉक्स, शाफ्ट, पत्रा. हात लिहिलेच नव्हते, म्हणून बघितले नव्हते, आणि खाली सर्व ठीक लिहिलं होतं. जूनपासून आत्तापर्यंत ब्लोअर त्याच्यावर किती वेळा उचलला, तेही वहीत आहे.

"टाकी किती लिटरची?" मामांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"तीनशे."

"तीनशे लिटर पानी याच्यावर लटकनार हुतं उद्या?"

"हो."

"आन चालवनार कोन हुतं?"

"मी."

हात तुटला असता तर टाकी एका बाजूला कलंडली असती आणि फिरता शाफ्ट मोकळा झाला असता. माझी दोन वाक्यं तयार होती. मी पहिल्या वाक्याला तोंड उघडलं.

"मामा, मी म्हणत होते..."

"म्हाईत हाय काय म्हनत हुती ती. पोरगा चार दिस झालं माझ्याकडं बघंना, तवाच कळलं." त्यांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली, उठले आणि पत्र्याच्या वरच्या खिळ्याला अडकवली. "माझी जीभ बैलाची हाय. पायाला लई सांगून बघितलं. घाईला जीभच फुडं पळती."

मी चिंध्या गोळा केल्या.

मिस्त्रीला फोन केला, तो म्हणाला, "ताई, वेल्डिंगच्या फंदात पडू नका. दोन्ही हात जोडीनं बदला." नवऱ्याने दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर नगरहून ते आणले. त्यामुळे ट्रॅक्टरला पोळ्याची सुट्टी मिळालीच. दिवसभर तो डावा हात काढलेल्या अवस्थेत, झेंडूचा हार घालून उभा होता. मामांनी बॉनेटवर पुरणपोळी ठेवली. ती मी मुंग्या यायच्या आत उचलली आणि गाईला घातली.

रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, "चीर सापडली कुणाला?"

"मी चोळलं म्हनून सापडली," मामा म्हणाले.

"मी पुसलं म्हणून," मी म्हटलं.

"चोळलं नसतं तर पुसलं काय असतंस?"

"आणि पुसलं नसतं तर तुम्ही आज त्या चिरेवरच झेंडूचा हार घातला असता. मागच्या बाजूला."

नवरा ताटात बघून हसला. बापाकडे तो अजून सरळ बघत नव्हता. मामांनी स्वतःच्या ताटातली अर्धी पोळी मोडून त्याच्या ताटात टाकली. "खा. तुला सांगायचं काम वाचलं ना?" मग त्याने मान वर केली.

फवारणी एक दिवस उशिरा झाली. विहिरीकडच्या दोन ओळींत तेल्या दिसला. ती फळं आम्ही तोडून खड्ड्यात पुरली. एक दिवस आधी औषध गेलं असतं तर ती वाचली असती का, याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून ते वहीत लिहिलेलं नाही. पत्र्यावर मात्र एक ओळ वाढली आहे. दर तीन महिन्यांनी लिफ्टचे हात, त्यांच्या वरचा टॉप लिंकचा दांडा आणि औजारांचे सगळे जोड हळद-तुपाने चोळून रात्रभर ठेवणे, सकाळी पुसणे. कुणी करायचं त्या रकान्यात मामा लिहिलंय. तूप फार जातं म्हणून मी गोडं तेल सुचवलं होतं. ते मंजूर झालं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी फवारणीला मी बसले. ब्लोअर लावला की त्याची टाकी आडवी येते आणि मागचं काही दिसत नाही, बांधाकडच्या टोकाला कुणीतरी लागतंच. मामांना मी दोन गोष्टी सांगितल्या. बाजूला उभं राहायचं, मागे नाही. तोंडाला उपरणं बांधायचं. त्यांनी दोन्ही केल्या. एरवी त्यांना अशा सूचना चालत नाहीत.

पहिली ओळ संपली. मी ब्लोअर बंद केला, मागचा गिअर टाकला आणि हळूहळू मागे यायला लागले. मामा डाव्या हाताला, माझ्या नजरेच्या टप्प्यात उभे होते. एक हात वर होता आणि डोळे बांधावर. मी त्यांच्याकडे बघत होते.

"होऽ," ते म्हणाले.

मी क्लच आणि ब्रेक दाबला. ट्रॅक्टर जागेवर थांबला.

मामांनी खाली वाकून बांध आणि ब्लोअर यांच्यातलं अंतर वितीने मोजलं. मग उपरण्याच्या आडून म्हणाले, "आता आयकतंय," आणि पुढच्या ओळीच्या टोकाकडे चालायला लागले.