सावली पाण्यावर पडू नये म्हणून

हिप्परग्याच्या तळ्यात मासा कुठे आहे, हे महिपती भोई काठावरून नुसतं बघून सांगायचा. बुडबुडा आला की तो मरळीचा की कासवाचा, हे त्याला बरोबर कळे. शंभरात एखाद्याला अशी नजर असते, आणि ती नेमकी आमच्या साहेबांच्या कामाला लागली.

आमच्या गिरणीचे विव्हिंग मास्तर हट्टंगडीसाहेब मँचेस्टरला विणकाम शिकून आले होते. विणकाम किती शिकले देव जाणे, मासे धरायची एक तऱ्हा मात्र शिकून आले. गळाला गांडूळ लावणं त्यांना गावठी वाटे. ते आकड्याला कोंबड्याची पिसं बांधून केलेली खोटी माशी लावत, लांब काठी डोक्यावरून मागेपुढे झुलवत आणि दोरी पाण्यावर सोडत. मी त्यांच्या खात्यातला कारकून. चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात दर रविवारी सकाळी थर्मास आणि डबा घेऊन त्यांच्याबरोबर जाई. मला मासे आवडत नाहीत, साहेब तर त्याहून नाहीत. पण बढती आवडते.

महिपतीला हवी होती तळ्याकाठच्या आमच्या पंपघराची चौकीदारी. कायमची नोकरी, वर राहायला पक्की खोली. पावसाळ्यात त्याच्या झोपडीत गुडघाभर पाणी शिरायचं. साहेब म्हणाले होते, "मोठी मरळ मिळवून दे, मार्चमध्ये तुला चिकटवतो."

भोयांची एक रीत आहे. मासा दाखवणाऱ्याने गळ टाकणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहायचं, म्हणजे त्याची सावली पाण्यावर पडत नाही. भोयांची दोरी पुढेच जाते, साहेबांची आधी मागे येई. म्हणून महिपती एरवी बाजूच्या बाभळीखाली उभा राहून बोट दाखवी. पण त्या रविवारी लव्हाळ्याच्या कडेला त्याला मांडीएवढी मरळ दिसली. नोकरी हाताशी आलेली बघून त्याचं भान सुटलं, आणि बापाने शिकवलं होतं तसा तो साहेबांच्या मागे, चार पावलांवर जाऊन उभा राहिला.

"सायेब, डावीकडं, लव्हाळ्याजवळ. लई मोटी हाय!"

साहेबांनी काठी झुलवली. माशी मागे गेली ती महिपतीच्या उजव्या डोळ्यात रुतली. बाभळीत अडकली असं वाटून साहेबांनी हिसका दिला.

महिपती दोरी दोन्ही हातांनी धरून खाली बसला. साहेब वळले आणि ओरडले, "ओढू नको, गाढवा! विलायती माशी आहे, इथं मिळत नाही!" मी खिशातल्या चाकूने दोरी कापली. त्यापायी साहेब तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दवाखान्यात डोळा काढावा लागला. माशी कागदात गुंडाळून मिळाली, ती मीच बंगल्यावर पोचती केली. क्लबात साहेबांनी सांगितलं, "यंदाचा सगळ्यात मोठा मासा लागला! सव्वाशे पौंड, पण खाण्यालायक नाही!" सगळे हसले. मीही हसलो, चांगला मोठ्याने हसलो. गिरणीच्या कागदावर मात्र 'दारूच्या नशेत बाभळीच्या काट्यावर पडला' असं लागलं. ते अक्षर माझं.

महिन्याने महिपती डोळ्याला पट्टी बांधून तळ्यावर आला. साहेबांनी त्याला बघताच तोंड फिरवलं. "सकाळी सकाळी काणा पुढं! आता काय मिळणार, कपाळ?" म्हणे मँचेस्टरला जाऊन आलेला माणूस!

साहेबांनी नवा माणूस ठेवला होता. धोंडीराम, महिपतीच्या बायकोचा, चिमाबाईचा सख्खा भाऊ. दाजी दवाखान्यात पडलेले असताना हा पठ्ठ्या बंगल्यावर जाऊन चौकीदारी मागून आला होता. महिपतीला हे तिथेच, माझ्या तोंडून कळलं. त्याचा चेहरा असा पडला की मी दुसरीकडे बघू लागलो.

धोंडीराम ओशाळून जवळ आला. डोळा कसा गेला हे महिपतीने घरी सांगितलं होतं, पण धोंडीरामने गिरणीचा कागद खरा धरला. तोच त्याच्या सोयीचा होता.

"दाजी, राग धरू नगा. पोटासाठी केलं. मी भीमेवरचा जाळंवाला, मला ह्यातलं कळत न्हाय. सायेब काठी फिरवत्यात तवा म्या कुटं हुबं ऱ्हायाचं?"

महिपती त्याच्याकडे उरलेल्या डोळ्याने बघत राहिला. मग म्हणाला, "मागं. सायबाच्या मागं, चार पावलांवर. सावली पान्यावर पडू द्यायची न्हाय."

"व्हय की, दाजी."

तो जाऊन बरोबर तिथे उभा राहिला. मला ओरडता आलं असतं. माझ्या बढतीचा कागद त्याच आठवड्यात साहेबांच्या सहीला गेला होता.

साहेबांनी काठी उचलली. मी थर्मासचं झाकण काढलं आणि त्यांचा चहा ओतायला घेतला.