पाठ फिरवल्यावर

शौकतभाईंनी बेल्ह्याच्या बाजारात हयातभर बैलांची दलाली केली. मनात भरलेल्या बैलाला आधी नावं ठेवायची, मग पाठ फिरवून चालू लागायचं. मालक मागनं हाक मारतोच, हा त्यांचा अनुभव.

धाकटा भाऊ उमर पूर्वी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. आता कॅन्सरनं खाटेला खिळला होता. तरुणपणी विकून टाकलेल्या गिटारीसारखीच जुनी गिटार एकदा हातात घ्यायची, एवढंच त्याचं मागणं होतं. शौकतभाईंच्या लेकीनं, सफानं, तसली एक इंग्लंडच्या व्यापाऱ्याकडं हुडकली. व्हिडिओ कॉलवर बघताच शौकतभाईंना ती पसंत पडली.

"त्याला सांग, दांडी वाकलीय, रंग उडालाय. आमाला नको," ते म्हणाले आणि त्यांनी सफाला फोन ठेवायला लावला.

हाक काही आली नाही. आठवड्यानं सफानंच विचारलं, तेव्हा उत्तर आलं, 'तुम्हीच नको म्हणालात, म्हणून दुसऱ्याला दिली.'

उमरची बोटं चादरीवर हलत होती. "भाई, कधी येतीय?"

"खोट निघाली तिच्यात."

"मग बरं झालं," उमर म्हणाला. "तुमच्या नजरेतनं खोट सुटत न्हाई."