कंदील विझला तर उतरायचं नाही

माझा नवरा धान्याच्या पेवात खाली पडला होता आणि त्याची सख्खी बहीण पेवाच्या तोंडावर आडवी पडून मला आत जाऊ देत नव्हती. मी तिला लाथा मारल्या. तिच्या मनगटाला चावले, तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. ती हलली नाही. आतून घरघर ऐकू येत होती, मग तीही थांबली. "अक्का, सरका, तुमचा भाऊ मरतोय," मी ओरडत होते. ती म्हणाली, "मरतोय तर मरू दे. दुसरं कुणी आत जानार न्हाय." हे तिचेच शब्द आहेत. मी त्यातला एकही बदललेला नाही.

ती गौरक्का, माझी थोरली नणंद, गेल्या महिन्यात गेली. नव्वदीच्या पुढे होती. मी तेव्हा धाराशिवला मुलाकडे होते. धाकट्या दिराचा, शिवलिंगचा, फोन आला. "वहिनी, अक्का गेली." मी म्हणाले, "बरं, येते." एसटीनं नळदुर्गला उतरले आणि तिथून गावात गेले. अंगणात तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळाला विभूती लावली होती. आम्हा लिंगायतांत बसवूनच माती देतात. मेल्यावरसुद्धा ती सगळ्यांवर नजर ठेवून बसल्यासारखी दिसत होती. मातीच्या वेळी गावातल्या चार-पाच जणांनी भाषणं केली. गावाची माय गेली, आधार गेला, असं बोलले. मला संताप आला. त्यातल्या दोघांच्या बापांनी आणि एकानं स्वतः तिला आयुष्यभर 'कंदीलवाली' म्हणून हाका मारल्या होत्या. "काय कंदीलवाली, सूर्याला वाट दावायला निघालीस का?" असं पारावरून ओरडायचे आणि हसायचे. मीही घरात हसत होते, ते लपवत नाही.

गौरक्काला कानडी मुलखात, आळंदकडे दिली होती. नवरा वर्षातच गेला आणि विसाव्या वर्षी ती माहेरी परत आली ती कायमची. राग आला की कानडीत शिव्या द्यायची, म्हणजे दिवसातला निम्मा वेळ कानडीतच बोलायची. मी लग्न होऊन आले त्या दिवशी तिनं माझ्या हातची भाकरी उलटून पाहिली आणि म्हणाली, "हिच्या आईला हात नव्हते व्हय?" तिला सहीसुद्धा येत नव्हती. मी चौथी पास होते आणि पंचायतीची नोटीस वाचून दाखवत होते. म्हणून तिच्यापुढे मी स्वतःला शहाणी समजत असे. ते मनातच ठेवायचे, पण तिला दिसत असणार.

तिच्या बापाला, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पेवाचं काम येत होतं. आता पेव कुणाला माहीत नाही म्हणून सांगते. गावाबाहेरच्या उंचवट्यावर मुरमात दोन पुरुष खोल, म्हणजे एकावर एक दोन माणसं उभी राहतील एवढा, खड्डा घ्यायचा. वर तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम जाईल एवढं, आणि आत पोट मोठं, घागरीसारखं. तळाला आणि कडेला कडबा लावायचा, त्यात ज्वारी भरायची, वर पुन्हा कडबा, मग तोंडावर शिळा ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. सासऱ्यांना मोठा मुलगा नव्हता. माझे मालक, तिचा मलू, तिच्याहून दहा वर्षांनी लहान आणि शिवलिंग त्यांच्याहूनही लहान. म्हणून ते सगळं त्यांनी मुलीला शिकवलं. पेव कसं भरायचं हे शिकवलं आणि कसं उघडायचं हेही शिकवलं. उघडायचं शिकवताना मुलीच्या पाठीत दोनदा काठी घातली होती, असं सासूबाई सांगत.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, खाल्ला. त्याची भाकरी थापता येत नाही, थापली तर गिळता येत नाही. पुढे दोन वर्षं बरी पिकली तेव्हा मालकांनी गावात सोसायटी काढली, धान्याची. सुगीला प्रत्येक घरानं आपापली ज्वारी एका पेवात टाकायची आणि पाऊस गेला की उन्हाळ्यात गरजेप्रमाणे घ्यायची. मिलो पुन्हा तोंडात घालायचा नाही, एवढाच हेतू. मालक चेअरमन झाले. पेव मात्र गौरक्काच्या हातात. तिनं पंचांसमोर उभं राहून सांगितलं, "शिळा काढली की एक दिवस आन एक रात तोंड उघडं ठेवायचं. दुसऱ्या दिशी पेटलेला कंदील दोरीनं ज्वारीपतुर सोडायचा. भाकरी खाऊन हुईस्तवर तो जळला पायजे. इझला तर उतरायचं न्हाय, आनिक एक दिस थांबायचं. जो उतरंल त्याच्या कमरंला दोर पायजे, वर दोघांच्या हातात. आन आत कुणी पडला तर त्याच्या मागं दुसरा उतरायचा न्हाय. त्यो बाप असू दे न्हायतर ल्योक."

पंच हसले. एक जण म्हणाला, "अक्का, भूत हाय का आत?" ती म्हणाली, "तुज्यासारखं एक ऱ्हातंय." 

मी एकदा तिला विचारलं होतं. "दिवसाउजेडी कंदील कशाला सोडायचा?" तर म्हणाली, "सांगितलं तेवढं कर. शाळा काढू नको." मी परत विचारलं नाही. मला वाटायचं, तिला कारण माहीत आहे आणि आपला मान राहावा म्हणून ती ते सांगत नाही.

पहिली काही वर्षं सगळं तिच्या सांगण्याप्रमाणे झालं. काहीच वाईट घडलं नाही, आणि तिथंच घोटाळा झाला. काही घडत नाही म्हटल्यावर लोकांना वाटू लागलं, घडण्यासारखं काही नसेलच. आधी कमरेचा दोर सुटला. पोती वर ओढायच्या दोराशी त्याचा गुंता होतो, असं म्हणून काढला. मग एक दिवस-रात्रीची एक रात्र झाली. आज संध्याकाळी शिळा काढायची, सकाळी उतरायचं. अक्का भांडली, दोन दिवस जेवली नाही. मालक म्हणाले, "अक्के, तुजं ऐकतोय की, कंदील सोडतोय की." खरंच, कंदील तेवढा राहिला होता.

त्या वर्षी पुन्हा पाऊस नव्हता, पेव निम्मंही भरलं नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडालाच पेव उघडायचं ठरलं. तालुक्याचे साहेब बघायला येणार होते. गावानं स्वतःच्या हिमतीवर धान्य साठवलंय, हे त्यांना दाखवायचं होतं. ते दहा वाजता येणार म्हणून निरोप आदल्या संध्याकाळी आला. शिळा काढलेली नव्हती. सकाळी अक्का नाल्याच्या बांधाच्या कामावर निघाली, घमेलं घेऊन दारात थांबली आणि मला म्हणाली, "साहेबाला लांबूनच शिळा दाव म्हनावं मलूला. आज उघडा, उद्या उतरा. कंदील सोडल्याबिगर न्हाय." मी "व्हय अक्का" म्हणाले. मला माहीत होतं की हे आजच उतरणार आहेत. तिला सांगितलं असतं तर ती कामावर गेली नसती, पेवापाशी जाऊन बसली असती आणि साहेबांपुढे आमची शोभा झाली असती. म्हणून मी "व्हय" म्हणाले.

सात वाजता शिळा काढली. नऊच्या सुमाराला शिवलिंग कंदील न्यायला घरी आला. रॉकेल नव्हतं. रेशनला आलंच नव्हतं, शेजारी दोन घरं विचारली, तिथंही नाही. मी कोनाड्यातली बॅटरी काढून त्याच्या हातात दिली. तीन सेलची, नवी. मी म्हणाले, "हिचा उजेड कंदिलाच्या दसपट पडतो. ही दोरीला बांधून सोडा." आणि मीही त्याच्यामागं गेले, कारण मला साहेब बघायचे होते.

बॅटरी दोरीला बांधून सोडली. लख्ख दिसलं. ज्वारी पिवळीधमक, कुठं कीड नाही, ओल नाही. मालक वाकून बघत होते. "अक्काच्या कंदिलात येवढं कदी दिसलं न्हाय," म्हणाले. बॅटरी भाकरी खाऊन होईपर्यंत काय, दिवसभर जळली असती. ती विझणार कशानं? मालक दोराला धरून उतरले. निम्म्यात गेल्यावर त्यांनी वर बघितलं… काहीतरी बोलायचं होतं त्यांना. हात सुटला आणि खाली ज्वारीवर पडले. शिवलिंगनं "दादा" म्हणून हाक मारली आणि लगेच पाय आत सोडले.

बांधाचं काम गावाला लागूनच होतं. अक्कानं ओरडा ऐकला असेल. ती आली तेव्हा शिवलिंग छातीपर्यंत आत गेला होता. तिनं त्याच्या केसांना धरून त्याला वर ओढला आणि तोंडात मारली. आत डोकावून बघितलं. बॅटरी तिथंच लोंबत होती, चालू. मग ती पेवाच्या तोंडावर आडवी पडली. पुढचं मी सुरुवातीला सांगितलं आहे. आडवं पडूनच ती लोकांना सांगत होती, वाकळ आणा, दोरीला बांधून आत वरखाली करा, पाणी ओता, विहिरीतली बादली काढायचा गळ आणा. गळ आला तेव्हा ती तेवढ्यापुरती कडेला सरकली, तो मालकांच्या कोपरीत अडकवून त्यांना वर काढलं. तेव्हा काही उरलं नव्हतं. चार माणसांदेखत ती मला म्हणाली, "तुज्या बॅटरीनं मारला माज्या भावाला." मग मात्र ती रडली, आणि मला तिचं रडणं बघवलं नाही, तिच्याबद्दलच्या दयेनं नाही, रागानं. माझा नवरा मेला आणि रडायचा पहिला मान हिनं घेतला, असं वाटलं.

ती ते वाक्य पुन्हा कधीच बोलली नाही. मला एकदाच पुरलं. एका घरात, एका चुलीवर आम्ही दोघींनी त्यानंतर सगळं आयुष्य काढलं. पहिली काही वर्षं मी तिच्याशी बोलत नव्हते. भिंतीला सांगायचे, "भाकरी झाल्यात म्हणावं." तीही भिंतीला म्हणायची, "करपल्यात म्हणावं." पेव बुजवलं, सोसायटी बुडाली. गावात कुणी म्हणालं नाही की आमचं चुकलं. मालकांची वेळ भरली होती, म्हणाले. देवाच्या माथ्यावर टाकलं की माणसं मोकळी होतात. 

माझी मुलगी कॉलेजात शिकायला लागल्यावर तिनं मला समजावून सांगितलं. साठवलेलं धान्य आतली चांगली हवा खातं, वाईट हवा सोडतं. ती जड असते, खड्ड्यात साचून राहते. ज्योत जिथं जगत नाही तिथं माणूस जगत नाही. मी उठून अक्कापाशी गेले. ती तूर निवडत होती. कित्येक वर्षांनी मी तिच्याकडे बघून बोलले. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "असंल."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"न्हाय."

"मग सांगत कशाच्या जोरावर होता?"

"बापानं सांगितलं हुतं, इझला तर उतरायचं न्हाय. म्या उतरले न्हाय." मग सुपातला खडा काढून टाकला आणि म्हणाली, "कारण ठावं असतं तर तू कंदील सोडला असता व्हय? रॉकेल तर तवाबी नव्हतं."

तिनं कारण सांगितलं नाही, हा दोष तिच्यावर ठेवून मी इतकी वर्षं जगले होते. तो आधारही तिनं काढून घेतला. त्या दिवशी मला तिचा जेवढा राग आला तेवढा पेवापाशीही आला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी आमच्या जुन्या, झाकून ठेवलेल्या विहिरीत मोटर अडकली. मुलानं एक गडी आणला. मी म्हणाले, आधी बादलीत मेणबत्ती पेटवून सोडा. गडी हसला. "आजी, मोबाइलची बॅटरी हाय की." त्यानं बॅटरी म्हटल्याबरोबर मी काठी उगारली. मुलगा ओशाळला, म्हातारी तापट आहे म्हणाला, पण मेणबत्ती सोडली. मेणबत्ती दोन पुरुष खोल गेली आणि विझली. परत पेटवून सोडली, परत तिथंच विझली. गड्याचं हसू गेलं. अक्का तेव्हा अंगणात खाटेवर पडून असायची, कमी ऐकू यायचं. मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं. तिनं विचारलं, "किती खोल गेल्यावर इझली?" मी सांगितलं. तिनं मान हलवली आणि कूस वळवली. शाबासकी वगैरे काही नाही.

मी तिला माफ केलेलं नाही. तिनं मला केलं का, हे मी विचारलं नाही आणि आता विचारता येणार नाही. मातीच्या वेळी मला दोन शब्द बोला म्हणाले, मी बोलले नाही, म्हणून हे लिहिलं. ज्या म्हातारीचं ऐकायचं ती गोड असावी लागत नाही. तिला कारण सांगता यावं लागत नाही. चार वर्षं ऐकलं आणि काही झालं नाही, म्हणून पाचव्या वर्षी सोडून द्यायचं नसतं. काही झालं नाही ते ऐकलं म्हणून. गावानं हे तेव्हा ओळखलं नाही आणि परवाच्या भाषणातही कुणी बोललं नाही.

त्या दिवशी पेवात माझे मालक मेले. त्यांच्यामागून आत जायला दोघं निघाले होते, शिवलिंग आणि मी. शिवलिंग आज सत्तरीत आहे, मी ऐंशीच्या पुढे आहे.